मेंदूच्या आजारावर पीएचडी करणाऱ्याने पेशंट पाहायला नको का?

रानजाई

'पार्किन्सन्सवर अजून रामबाण औषध का नाही' या धाग्यावर गाडी पीएचडीच्या पोरांवर घसरली आणि संपादकांनी कान टोचले, म्हणून हा वेगळा धागा. तिथे एकाने लिहिलं होतं, "हे लोक वर्षानुवर्षं उंदीर बरे करतात, माणसांचा नंबर कधी?" वाचून आधी राग आला. पण टोमणा अगदीच पोकळ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत चेतापेशींवर काम करते, हाताखाली पीएचडीचे विद्यार्थी आहेत. आमच्याकडे येणारी मुलं सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआर किंवा डीबीटीची जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती), नाहीतर जेगीबिल्स ही प्रवेशपरीक्षा, अशा कुठल्या तरी चाळणीतून आलेली असतात. हुशारीबद्दल शंकाच नाही. वेस्टर्न ब्लॉट झोपेत करतील, कॉन्फोकलवर अशी चित्रं काढतील की कॅलेंडर छापावं. पण ॲटॅक्सियावर (तोल आणि हालचालींवरचा ताबा सुटणारा आजार) चार वर्षं काम करणाऱ्या मुलाने ॲटॅक्सिया झालेला एकही माणूस पाहिलेला नसतो. त्याच्या लेखी तोल जाणं म्हणजे रोटारॉडवरचे सेकंद. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फिरता दांडा, त्यावर उंदीर, दांड्याचा वेग वाढत जातो, उंदीर पडला की खालची पट्टी दबते आणि घड्याळ थांबतं. तो आकडा म्हणजे उंदराचा तोल.)

आता याच्या उलट बाजूचं एक उदाहरण. १९७१ साली मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. स्वामी यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांचं वर्णन छापलं. घराण्यात चालत आलेला ॲटॅक्सिया, पण वेगळेपण डोळ्यांत. आपण एका वस्तूवरून दुसरीवर नजर टाकतो तेव्हा डोळे झटक्यात उडी मारतात. या रुग्णांत ती उडीच नाही. डॉक्टर एक बोट डावीकडे धरतात, एक उजवीकडे, "इकडे बघा, आता तिकडे बघा" म्हणतात, आणि बुबुळं रांगत रांगत सरकतात. काही जण मग डोळ्यांचा नाद सोडून मानच वळवतात. हे दिसायला एमआरआय लागत नाही, जनुकचाचणी लागत नाही. दोन बोटं लागतात आणि थांबून बघायची सवय लागते.

पुढे १९९६ मध्ये एससीए-२ या प्रकाराचं जनुक सापडलं. ॲटॅक्सिन-२ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती प्रमाणाबाहेर वाढते. १९९८ मध्ये वाडियांच्याच गटाने सहा भारतीय एससीए-२ कुटुंबं मांडली आणि निदानात ही संथ नजर किती मोलाची आहे ते दाखवलं. २०१० मध्ये त्याच ॲटॅक्सिन-२ चं नातं एएलएसशी (स्नायू हळूहळू निकामी करणारा चेतापेशींचा आजार) जुळलं. मग ते प्रथिन कमी केल्यावर एएलएससारखा आजार असलेले उंदीर जास्त जगतात असं दिसलं, त्यावर अँटिसेन्स (जनुकाचा संदेश अडवून प्रथिन कमी करणारं) औषध बनलं, माणसांत चाचणी झाली, आणि फायदा दिसेना म्हणून २०२४ मध्ये ते काम थांबलं.

माझं म्हणणं असं की ही अख्खी साखळी, दोन बोटांपासून बंद पडलेल्या चाचणीपर्यंत, विद्यार्थ्याच्या डोक्यात हवी. त्यासाठी दोन गोष्टी सुचतात. पहिल्या वर्षी आठवड्यातून अर्धा दिवस न्यूरॉलॉजीची ओपीडी. आणि दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने आपल्या आजारातली एक फसलेली क्लिनिकल ट्रायल घेऊन ती का फसली ते सगळ्यांसमोर मांडायचं, म्हणजे उंदरांच्या पहिल्या पेपरपासून.

डॉक्टर मंडळी, विद्यार्थी, पेशंटच्या घरचे, सगळ्यांनी लिहा.

तिरकस

म्हणजे ओपीडीत आता पेशंट, त्याचे चार नातेवाईक, एमआर, इंटर्न आणि वर पीएचडीवाले. पंखा एकच.

कोल्हापुरी_तांबडा

खिक्! बाकी लेख आवडला. वाखु (वाचनखूण) साठवली.

डॉक्टर_गल्लीबोळ

तिरकसरावांनी थट्टेत म्हटलंय, पण सरकारी रुग्णालयात खरोखर हीच परिस्थिती आहे. मी डीएम न्यूरॉलॉजी करतोय. ओपीडीच्या दिवशी पेशंटला मिळतात पाच-सात मिनिटं. त्यात इतिहास, तपासणी, जुने रिपोर्ट, औषधं लिहून देणं, "साहेब, सर्टिफिकेट" वगैरे. मागे उभ्या असलेल्या मुलीला "हे बघ, याला कॉगव्हील रिजिडिटी म्हणतात" असं सांगायला मला वेळ नाही, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी इच्छाही नसते.

ओपीडीपेक्षा वॉर्डचा राउंड बरा. तिथे पेशंट दोन-चार दिवस असतो, एकाच माणसाला नीट बघता येतं. आणि सर्वांत उत्तम म्हणजे ब्रेन कटिंगचं सत्र, जिथे होतं तिथे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे, डॉ. शंकर यांनी उभी केलेली. मी असं एक सत्र पाहिलंय. फॉर्मॅलिनमध्ये काही आठवडे ठेवलेला मेंदू पाण्याखाली धुऊन घेतात, मग लांब सुरीने साधारण सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या पाडून ट्रेमध्ये क्रमाने मांडतात. बाजूला एक जण पेशंटची केस वाचत असतो: कधीपासून हात थरथरायला लागला, गोळ्यांनी किती फरक पडला, शेवटी काय झालं. मध्यमेंदूच्या कापात दोन्ही बाजूंना जो काळा पट्टा स्पष्ट दिसायला हवा, तो पार्किन्सन्समध्ये फिका पडलेला असतो. 'डोपामिनर्जिक न्यूरॉन लॉस' (डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या चेतापेशी कमी होणं) हे शब्द प्रत्येक पेपरच्या पहिल्या ओळीत असतात. ते डोळ्यांनी दिसतं हे मला एमडी होईपर्यंत कोणी दाखवलं नव्हतं.

अजून एक. ज्याला तुम्ही प्रशिक्षण म्हणता ते एकतर्फी नको. पीएचडीवाल्याला ओपीडीत आणताय, मग रेसिडेंटला लॅबमध्ये कोण नेणार? अमेरिकेत एनआयएचने १९६४ पासून एमडी-पीएचडीला पैसे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे डीएम झालेला माणूस बॉण्ड संपवून पस्तिशीला येतो, घरी कर्ज, मग पिपेट कोण हातात धरणार?

पी-व्हॅल्यू

मी थोडं वाईट बोलणार आहे, रानजाई, राग मानू नका.

पेशंट बघितल्याने कळवळा येईल. कळवळ्याने औषध निघत नाही. मेंदूच्या आजारांत प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतचा पूल वारंवार कोसळलाय तो कळवळा कमी पडला म्हणून नव्हे, प्रयोग ढिसाळ होते म्हणून.

एएलएसचंच घ्या. १९९४ मध्ये एसओडी-१ चं बदललेलं जनुक असलेला उंदीर तयार झाला. त्यानंतर 'अमुक औषधाने उंदीर जास्त जगले' अशा पेपरांची रीघ लागली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका एएलएस संस्थेने सत्तरहून जास्त औषधं त्याच उंदरांवर, पण काटेकोरपणे, पुन्हा तपासली. आधीचे निकाल टिकले नाहीत. कारणं ऐका. नर आणि मादी उंदरांचं आयुष्य मुळातच वेगळं असतं, गट पाडताना ते समान वाटलेले नव्हते. एकाच वेतातली पिल्लं एकाच गटात पडली होती. काही उंदरांत त्या जनुकाच्या प्रतीच कमी झाल्या होत्या, म्हणजे आजारच सौम्य. काही उंदीर एएलएसने मेलेच नव्हते, तरी मोजले गेले होते. गटात आठ-दहा उंदीर असले की एवढा गोंधळ पुरतो, औषध 'चालायला' लागतं.

आणि याची किंमत माणूस मोजतो. मिनोसायक्लिन हे साधं अँटिबायोटिक. उंदरांत छान दिसलं. माणसांत ४१२ रुग्णांची चाचणी झाली, २००७ मध्ये निकाल आला: मिनोसायक्लिन घेणाऱ्यांची प्रकृती प्लासिबोवाल्यांपेक्षा (नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा) २५ टक्के जास्त वेगाने ढासळली. नुसतं निरुपयोगी नाही, घातक.

स्ट्रोकचीही तीच कथा. २००६ मध्ये कोणीतरी मोजदाद केली तेव्हा प्रयोगशाळेत आजमावलेले १,०२६ उपाय निघाले. त्याआधी, १९९९ मध्येच, स्टेअर नावाची नियमावली आली होती: एकाहून जास्त प्राण्यांत बघा, उपचार कोणाला दिलाय ते मोजणाऱ्याला कळू देऊ नका, उशिरा देऊन बघा. त्या नियमांना धरून बनवलंय असा ज्याचा गाजावाजा झाला ते एनएक्सवाय-०५९ पहिल्या मोठ्या चाचणीत थोडं चाललं, तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत सपशेल आपटलं.

तेव्हा तुमच्या त्या अर्ध्या दिवसात मला द्या पोरं. रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणं), ब्लाइंडिंग (कोणाला काय दिलं ते झाकणं), सँपल साइज (किती उंदीर लागतील ते), आणि 'प्रयोग सुरू करण्याआधी विश्लेषणाची योजना लिहून कुलूपबंद करणे'. एवढं शिकवलं तरी डोंगराएवढं काम होईल.

अर्धवट_थिसिस

+१०० पी-व्हॅल्यू. आमच्याकडे रोटारॉडचे आकडे जो उंदरांना इंजेक्शन देतो तोच लिहून घेतो. कारण लॅबमध्ये दुसरं माणूसच नसतं. :(

रानजाई

पी-व्हॅल्यू, राग कसला, तुमची मिनोसायक्लिनची केस मी सरळ उचलणार आहे. दुसऱ्या वर्षाच्या त्या सादरीकरणासाठी याहून चांगलं उदाहरण नाही.

पण 'कळवळा' म्हणून पेशंट उडवून लावू नका. उंदरात आपण काय मोजायचं हे कोण ठरवतं? पार्किन्सन्सच्या उंदरात आम्ही चाल मोजतो. पेशंटला विचारा, तो बद्धकोष्ठता सांगेल, झोपेत लाथा मारतो ते सांगेल, वास येत नाही म्हणेल, आणि यातल्या कित्येक गोष्टी थरथर सुरू होण्याच्या कैक वर्षं आधीपासून असतात. चुकीची गोष्ट अत्यंत काटेकोरपणे मोजली तर तुमचा पी-व्हॅल्यू झकास येईल, पेशंटला काडीचा उपयोग नाही.

कोर्सवर्कबद्दल: यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आहे, त्यात संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ताही येते. संख्याशास्त्र बहुतेक ठिकाणी असतंच. पण ते कसं शिकवतात? टी-टेस्टचं सूत्र फळ्यावर. स्वतःच्या प्रयोगाला किती उंदीर लागतील हे गणित कोणी मांडून घेत नाही. ते मात्र प्राण्यांच्या नैतिक समितीच्या अर्जात लिहावं लागतं, मग मागच्या बॅचच्या अर्जातला आकडा उतरवतात.

बोरीबंदर

अवांतर, पण अगदीच नाही. साखळीचा विषय निघालाय तर मुंबईची आणखी एक कडी.

१९४९ मध्ये केईएमच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा निबंध छापला, रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा. त्याआधी १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी सर्पगंधेवर लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष वकिलांच्या निबंधाने गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले, कान खाली. मग एल-डोपा (मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते) टोचल्यावर थोड्या वेळात पुन्हा उभे राहून इकडेतिकडे बघायला लागले. रेसर्पिनने मेंदूतलं डोपामिन संपत होतं. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले, डोपामिन खरंच कमी. पुढच्या वर्षी रुग्णांना एल-डोपाचं इंजेक्शन. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी डोस हळूहळू वाढवत नेऊन ते रोजच्या वापरात आणण्याजोगं केलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल.

म्हणजे बघा: झाडपाला, मुंबईतला बाह्यरुग्ण विभाग, औषध कंपनी, ससा, शवागार, मग पेशंट. सरळ रेषा कुठेच नाही. डॉक्टर_गल्लीबोळ म्हणतात ते दुतर्फा वाहतूक वगैरे, ते असंच काहीतरी असावं.

आजीचा_बटवा

आपल्या ऋषिमुनींना हे सगळं आधीच माहीत होतं. पार्किन्सन्स म्हणजे कंपवात. कवचबीज द्या, एका महिन्यात फरक. इंग्रजी औषधांच्या नादी लागून लोक वाटोळं करून घेतात.

तिरकस

आली गाडी. संपादक, धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कुंपण घाला.

बोरीबंदर

कुंपण कशाला, उत्तर आहे की. कवचबीज म्हणजे खाजकुहिलीचं बी. त्यात एल-डोपा असतं हे १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवलं. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. वैद्य आणि सहकाऱ्यांनी ते पार्किन्सन्सच्या रुग्णांना देऊन 'न्यूरॉलॉजी इंडिया'त निष्कर्ष छापले. २००४ मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअरला आठ रुग्णांवर, कोणाला काय दिलंय ते झाकून, नेहमीच्या गोळीशी तुलना झाली, आणि बियांच्या पुडीचा परिणाम लवकर सुरू होतो असं दिसलं. बटवा, तुमच्या कवचबीजाला मान मिळाला तो याच लोकांनी मोजमाप केल्यामुळे. त्यात एल-डोपाच आहे, म्हणून तर ते चालतं, आणि म्हणूनच चालू गोळ्यांवर मनाने पूड खाल्ली तर डोस दुप्पट होतो.

डॉक्टर_गल्लीबोळ

शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. भास होऊ लागलेले आजोबा घेऊन येतात घरचे, आणि पिशवीत खाली पुडी निघते. कृपया डॉक्टरांना सांगितल्याशिवाय करू नका.

कऱ्हाकाठ

रोज वाचतो, लिहीत नाही सहसा. आईला पार्किन्सन्स आहे, आता विसरायलाही लागली आहे. तीन-चार वर्षांपूर्वी एका संस्थेतून दोन मुलं घरी आली होती, पीएचडीची असावीत. चांगली मुलं होती. रक्त घेतलं, दोन तास प्रश्न विचारले, फॉर्मवर आईचा अंगठा आणि माझी सही घेतली. आईने त्यांना शिरा करून घातला, त्या दिवशी तिला तेवढं जमत होतं. त्यानंतर आजतागायत एक फोन नाही. रक्ताचं काय झालं, आमचा काही उपयोग झाला का, काही कळलं नाही. औषध सापडलं का असं मी विचारत नाही. "काका, नमुना वापरला, अजून काही निष्पन्न नाही" एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

आणि एक गंमत. मुलाने विचारलं, "आजी, आज तारीख काय?" आई म्हणाली, "ज्येष्ठ वद्य चतुर्थी. आज माझा उपास आहे, संकष्टी." अगदी बरोबर होतं. मुलगा कागदाकडे बघत बसला. गुण द्यायचा की नाही ते त्याला ठरवता येईना.

रानजाई

कऱ्हाकाठ, तुमचा प्रतिसाद मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे, तुमची हरकत नसेल तर. संमतीपत्र भरून घ्यायला शिकवतात. परत जाऊन सांगायला कोणी शिकवत नाही, आणि प्रकल्पाच्या बजेटमध्ये त्यासाठी रकानाही नसतो.

तिथीचं तर फारच मोलाचं सांगितलंत. स्मृतिभ्रंशाच्या चाचण्या बाहेर बनल्या, शाळा शिकलेल्या माणसांसाठी. नव्वदच्या दशकात हरयाणातल्या बल्लभगडला खेड्यातल्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बनवली, तेव्हा इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगायच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. अलीकडे आयसीएमआरने भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच केला. सुरुवातीच्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यात नव्हती. इथे खरंच एखाद्या पीएचडीभर काम पडून आहे, आणि त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

प्रश्न आपल्या मातीतून निघाला की काय होतं त्याचं उदाहरण हैदराबादचं. २०१३ मध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, अगदी शाळेत न गेलेल्यांतही. एकभाषी देशात बसून हे सुचणं कठीण, सुचलं तरी असे रुग्ण मिळणं त्याहून कठीण.

पी-व्हॅल्यू

ते निरीक्षण आहे, कार्यकारण नव्हे. एवढं म्हणून गप्प बसतो. :) कऱ्हाकाठ, नमस्कार.

राइनकाठ

बॉनहून लिहितेय. इथे पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे, म्हणून थोडी तुलना.

जर्मनीत डीझेडएनई म्हणजे मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांचं राष्ट्रीय केंद्र, २००९ पासून. मुख्यालय बॉनला, शाखा दहा शहरांत, आणि बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचं रुग्णालय शेजारीच. इथे पीएचडीवाला म्हणजे नोकरदार. करार असतो, साधारण ६५ टक्के पगारावर (काम शंभर टक्के, हे वेगळं सांगायला नको), पेन्शन आणि आरोग्य विमा कापून जातो. एका गाइडच्या मुठीत सगळं नसतं. सल्लागार समिती असते, वर्षातून निदान एकदा तिच्यापुढे उभं राहायचं, आणि समितीतला एखादा माणूस तुमच्या विषयाबाहेरचा. माझ्या समितीत एक क्लिनिशियन आहे. त्याचा एकच प्रश्न दर वेळी: "हे खरं निघालं तर मी सोमवारी ओपीडीत काय वेगळं करू?" पहिल्या वर्षी मला रडू आलं होतं, आता मी स्लाइड करतानाच उत्तर लिहून ठेवते.

युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कबद्दल विपूत (विचारपुशीत) विचारलं होतं एकीने, इथेच लिहिते. पाच-सात देशांतल्या संस्था आणि कंपन्या मिळून विद्यार्थी घेतात. अट अशी की ज्या देशात जागा आहे तिथे मागच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. भारतातून थेट अर्ज करणाऱ्याला ही अट फायद्याचीच. मधले काही महिने दुसऱ्या संस्थेत किंवा कंपनीत काम करावं लागतं, ते मला या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी वाटतं.

पण रानजाईंच्या मूळ मुद्द्यावर सांगते. मी इथे क्लिनिकमध्ये बसलेय. पेशंट आजोबा ऱ्हाइनच्या बोलीत काय सांगत होते ते मला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारचा विद्यार्थी डोळे पुसत होता आणि मी हसरा चेहरा करून बसले होते. ससूनच्या किंवा केईएमच्या दारात उभं राहिलं तर पेशंट तुमच्या आईच्या भाषेत बोलणार आहे, ही चैन तुमच्याकडे आहे. ती वापरा.

बारामतीची_मामी

सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझी भाची एमएस्सी बायोटेक झाली, तिला यातच जायचंय म्हणते. घरचे म्हणतात सहा वर्षं घालवून मास्तरकीच करायची तर आत्ताच बीएड कर. पैसे मिळतात का या मुलांना? आणि पुढे काय?

अर्धवट_थिसिस

मामी, मिळतात. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ झालं की ४२,०००, वर घरभाडं. कागदावर ठीक आहे. पैसे दर महिन्याला येतात असं मात्र समजू नका. कधी चार-पाच महिने काहीच नाही आणि मग एकदम. भाचीला सांगा, सुरुवातीलाच थोडी शिल्लक ठेव आणि घरमालक समजूतदार बघ. मुदत यूजीसीच्या नियमाने किमान तीन, कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. माझं पाचवं चालू आहे, जास्त विचारू नका.

पुढे काय, याचं प्रामाणिक उत्तर: प्राध्यापकाच्या जागा फार थोड्या. पण माझ्या सीनियर मंडळींतली एक क्लिनिकल ट्रायलचं काम बघते, एक औषध कंपनीत वैद्यकीय लेखन करतो, एक परदेशी पोस्टडॉक, एक शाळेत विज्ञान शिकवते आणि सगळ्यांत सुखी तीच दिसते.

आता मूळ चर्चेवर, कारण आतली बाजू कोणीच लिहिली नाही. ओपीडीत जायला मला आवडेल हो. पण माझ्या गाइडला विचारा. वार्षिक अहवालात 'ओपीडीत बसलो' याचा रकाना कुठाय? थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली, पण पोस्टडॉक देणारा पेपरच विचारतो. पेपरला लागते यंत्रणा, म्हणजे मॉलिक्यूल अ मुळे ब. 'हे औषध चाललं नाही, आम्ही नीट बघितलं' याला कोण छापतं? २००६ चा तो नेचरमधला अल्झायमरचा गाजलेला पेपर आठवा, अमायलॉइड या प्रथिनाच्या एका ठरावीक रूपावरचा. चित्रांत फेरफार झाल्याचं निघालं आणि २०२४ मध्ये मागे घेतला. मधल्या अठरा वर्षांत माझ्यासारख्या किती जणांनी तो प्रयोग करून 'आपल्याकडून जमत नाही' म्हणून स्वतःलाच दोष दिला असेल? त्यांच्या नोंदवह्या कुठेच छापून आल्या नाहीत.

म्हणून म्हणतो, काही शिकवायचंच असेल तर गाइड लोकांना शिकवा आधी. विद्यार्थी बिचारा जे मोजलं जातं ते करतो.

तिरकस

आज पहिल्यांदा या धाग्यावर थट्टा सुचली नाही. अर्धवट, थिसिस पूर्ण कर बाबा.

डॉक्टर_गल्लीबोळ

अर्धवटचा मुद्दा वर्मावर आहे. यावर एकच उपाय मला चाललेला दिसलाय, तो म्हणजे दोन गाइड: एक प्रयोगशाळेतला, एक रुग्णालयातला, आणि दोघांच्या सह्या थिसिसवर. सही आहे म्हटल्यावर डॉक्टरलाही त्या मुलीसाठी वेळ काढावा लागतो आणि शास्त्रज्ञालाही तिला सोडावं लागतं. बेंगळुरूला एनसीबीएस, इनस्टेम (दोन्ही जीवशास्त्राच्या संशोधन संस्था) आणि निम्हान्स यांनी मिळून मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या रक्तापासून मूळपेशी बनवायचा कार्यक्रम चालवला तो याच धर्तीवर: कुटुंबं निम्हान्सने ओळखायची, पेशी शेजाऱ्यांनी वाढवायच्या. पेशींच्या बाटलीवर नुसता नंबर असतो, पण ज्याने त्या कुटुंबाची मुलाखत घेतली तो माणूस त्याच बैठकीत बसलेला असतो.

आणि भारतात बसून कुठले आजार बघावेत याचंही एक उदाहरण देतो. एससीए-१२ हा ॲटॅक्सिया १९९९ मध्ये प्रथम नोंदला गेला तो जर्मन वंशाच्या एका अमेरिकन कुटुंबात. नंतर कळलं की त्याचे जगातले बहुतेक रुग्ण भारतात, त्यातही अगरवाल समाजात. सुरुवात हाताच्या थरथरीने होते, त्यामुळे 'म्हातारपणाचा कंप' म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलेले असतात. लहान मुलांत डोकं मोठं होत जाण्याचा एक ल्युकोडिस्ट्रॉफीचा (मेंदूतल्या पांढऱ्या भागाचा आजार) प्रकारही याच समाजात आढळतो, मुंबईच्या डॉ. भीमसेन सिंघल यांनी नव्वदच्या दशकात मांडला. परदेशी लॅबला ही कुटुंबं शोधत यावं लागतं. आपल्याकडे ती नंबर लावून बाकावर बसलेली असतात.

रानजाई

दोन गाइडचं पटलं. आमच्याकडे नियमात सह-मार्गदर्शकाची सोय आहे, वापरत कोणी नाही. पुढच्या बॅचला एक विद्यार्थिनी ॲटॅक्सियावर येतेय, तिच्यापासून सुरू करते.

पी-व्हॅल्यू, पहिल्या वर्षाचे दोन शनिवार तुमचे. विद्यार्थी स्वतःचे आकडे घेऊन येतील, तुम्ही फाडा. अर्धवट, इंजेक्शन देणारा आणि मोजणारा वेगळा हवा हे मला आमच्याही लॅबमध्ये तपासायचंय. शेजारच्या दोन लॅबनी एकमेकांचे उंदीर मोजून द्यायचे असं ठरवता येईल, खर्च शून्य.

कऱ्हाकाठ, तुमच्या आईंचा नमुना कुठल्या अभ्यासात होता त्या संमतीपत्राची प्रत घरी असेल. तिच्यावर नैतिक समितीचा पत्ता आणि फोन छापलेला असतो. तिथे लेखी विचारा, उत्तर देणं त्यांना भाग आहे. पत्र लिहायला मदत लागली तर विपू करा.

कऱ्हाकाठ

प्रत सापडली, आईच्या औषधांच्या फाइलीतच होती. फोन नंबर आहे. सोमवारी लावतो. तुमच्या विद्यार्थ्यांना खुशाल वाचायला द्या.

पी-व्हॅल्यू

शनिवार मंजूर. एक्सेल नको, कच्च्या नोंदवह्या आणा. मेलेल्या उंदरांची पानं फाडू नका, मी तीच आधी मागणार आहे.

डॉक्टर_गल्लीबोळ

रानजाई, तुमच्या विद्यार्थिनीला मूव्हमेंट डिसऑर्डरच्या क्लिनिकला पाठवा, गुरुवारी. आमच्या मॅडमशी मी बोलतो. साडेआठला यायचं, दहाला नाही. मोबाइलवर शूटिंग नाही. आणि पेशंटला नाव विचारायचं, नुसतं "बाबा इकडे बघा" नाही.

बारामतीची_मामी

भाचीला धागा पाठवला. ती विचारतेय, गुरुवारी तिला पण येता येईल का? नेटचा निकाल लागायचाय अजून.

डॉक्टर_गल्लीबोळ

निकाल लागू दे, मामी. मग बघू.